शेताचा पंचनामा झाला, गावाचा राहिला

३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. तेव्हाचा अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा त्या दिवशी घरातच होता. कोरोनाचे निर्बंध होते, आणि समुद्र तर घाटाच्या पलीकडे. 'वादळ घाटाखालीच जिरतंय,' असाच बहुतेकांचा हिशेब. पण वाऱ्याने घाट मानला नाही. पुणे जिल्ह्यातून वर सरकत त्याने अकोले, संगमनेर, पारनेर या भागाला तडाखा दिला. अकोल्याच्या आदिवासी पट्ट्यात घरांची कौले आणि पत्रे उडाले, झाडे मोडली, विजेचे खांब आडवे झाले. आपला जिल्हा दुष्काळाला सरावलेला. टँकर, छावणी, रोजगार हमी हे शब्द पोरासोरांना पाठ. चक्रीवादळ हा शब्द मात्र आपल्या पंचनाम्याच्या कागदावर क्वचितच आलेला.

नुकसान झाले की पंचनामे सुरू होतात, हे आपल्याला सांगायला नको. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक बांधावर येतात. ज्याचे घर पडले तो दारात उभा असतो, ज्याची कांदाचाळ उडाली तो चाळीपाशी उभा असतो. नाव लिहिले की नाही, क्षेत्र बरोबर धरले की नाही, हे माणूस डोळ्यांत तेल घालून बघतो. बघायलाच पाहिजे, त्याच्या पोटाचा प्रश्न आहे.

पण शाळेचे पत्रे उडाले तर शाळेच्या दारात कोण उभे राहणार? नळयोजनेच्या विहिरीवरची मोटार गाळात गेली, अंगणवाडीची भिंत फुगली, ओढ्यावरच्या मोरीचे पाइप उघडे पडले, वाडीचा रस्ता चार ठिकाणी तुटला, तर त्याचा खातेदार कोण? सगळ्यांचे ते कुणाचेच नाही. २०२० च्या जूनमध्ये तर शाळाही बंद होत्या. पत्रा राहिला काय अन् गेला काय, बघायला मुले नव्हती आणि गुरुजीही नव्हते.

सरपंचांना विचारले तर गावोगावी एकच उत्तर ऐकू येते, "निधी आला की करू." निधी येतो का, कुठून येतो, कुणाच्या नावाने येतो आणि कशामुळे अडतो, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. तेच इथे सांगायचे आहे.

वाऱ्यालाही नाव लागते

आपत्तीनंतरचा सरकारी पैसा मुख्यत्वे एका पेटीतून येतो. तिचे नाव राज्य आपत्ती प्रतिसाद निधी. महाराष्ट्रासाठी या पेटीत केंद्र ७५ टक्के आणि राज्य २५ टक्के टाकते. पेटी अपुरी पडली की केंद्राच्या राष्ट्रीय निधीकडे मागणी जाते. पैसा कशावर खर्चायचा आणि किती, याचे निकष केंद्र ठरवते आणि राज्य शासन निर्णय काढून ते लागू करते.

'निसर्ग'च्या वेळी केंद्राच्या यादीत बारा आपत्ती होत्या. चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड कोसळणे, हिमस्खलन, ढगफुटी, कीड आणि थंडीची लाट. राज्याने स्थानिक आपत्ती म्हणून त्यात अवेळी पाऊस, अतिवृष्टी, वीज पडणे अशी काही भर घातलेली होती. नुसता वळवाचा सोसाटा केंद्राच्या यादीत नव्हता. मे महिन्यात सुटलेल्या वाऱ्याने पत्रे उडाले तर तेही नुकसानच आहे, पण कागदाला कारण लागते. 'निसर्ग'ला नाव होते, तारीख होती, हवामान खात्याची नोंद होती, म्हणून तो प्रश्न आला नाही. एरवी अर्जात नुसते 'वादळी वाऱ्याने नुकसान' असे लिहून मोकळे होण्याची आपल्याकडे सवय आहे. सोबत पाऊस होता का, गारा होत्या का, मंडळात त्या चोवीस तासांत किती मिलिमीटर पडला, हे त्याच दिवशी लिहून ठेवले पाहिजे. ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी, हे आता शेंबड्या पोराला ठाऊक आहे. गावाच्या मालमत्तेलाही आपत्तीचे तेच कारण उपयोगी पडते, हे मात्र विसरले जाते.

किलोमीटरला साठ हजार

'निसर्ग'च्या वेळी २०१५ साली ठरलेले निकष चालू होते. शेतकऱ्यांसाठी कोरडवाहूला हेक्टरी किती, बागायतीला किती, हे सगळ्यांना तोंडपाठ होते. राज्याने त्या वेळी कोकणासाठी घराची मदत ९५ हजार १०० वरून दीड लाख केली, फळबागेची हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार केली. त्याची चर्चा झाली, व्हायलाच हवी होती. गावाच्या रस्त्याला, शाळेला, पाण्याच्या योजनेला किती, हे मात्र फारसे कुणी विचारले नाही.

तर तो दर असा होता. ग्रामीण रस्ता आणि त्यावरचे पूल, किलोमीटरला ६० हजार रुपये. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर किलोमीटरला १ लाख. पिण्याच्या पाण्याच्या योजनेच्या नादुरुस्त घटकाला दीड लाखापर्यंत. प्राथमिक शाळेला दीड लाखापर्यंत. लघुपाटबंधाऱ्याच्या योजनेला दीड लाखापर्यंत. पंचायत घर, समाजमंदिर, अंगणवाडी, महिला मंडळाची खोली अशा पंचायतीच्या मालकीच्या सामुदायिक मालमत्तेला २ लाखांपर्यंत. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राने सुधारित निकष काढले आणि त्यानंतरचे पंचनामे त्याप्रमाणे झाले. निकष पाच-सहा वर्षांनी बदलतात, म्हणून चालू दराचा शासन निर्णय तहसील कचेरीतून मागून घ्यावा आणि पंचायतीच्या फळ्यावर लावावा. त्याला काही खर्च येत नाही.

समजा, एका गावाचा अडीच किलोमीटरचा ग्रामीण मार्ग उखडला, शाळेचे छत गेले, नळयोजनेची मोटार आणि वाहिनी गेली आणि अंगणवाडी पडायला आली. जुन्या दराने हिशेब केला तर रस्त्याला दीड लाख, शाळेला दीड, पाण्याला दीड आणि अंगणवाडीला दोन. साडेसहा लाखांपर्यंतची गोष्ट आहे. ज्या ग्रामपंचायतीची घरपट्टी-पाणीपट्टी धड वसूल होत नाही, तिच्या दृष्टीने साडेसहा लाख म्हणजे काय, हे सरपंचांनाच विचारावे.

आता यातली मेख. हा पैसा बांधकामाचा नव्हे, डागडुजीचा आहे. निकषांतले शब्द 'तातडीच्या स्वरूपाची दुरुस्ती' असे आहेत. तुटलेला रस्ता भरणे, वाहून गेलेल्या मोरीच्या जागी पाइप टाकून वळण रस्ता करणे, पुलाच्या दोन्ही अंगांचा भराव तात्पुरता नीट करणे, हातपंपाचा ओटा बांधणे, फुटलेली वाहिनी बदलणे, गळकी टाकी आणि बिघडलेला पंप दुरुस्त करणे, गटारातला राडारोडा काढणे, पथदिवे लावणे, शाळा-अंगणवाडीची तात्पुरती दुरुस्ती. ही यादी आम्ही मुद्दाम इतकी सविस्तर दिली. कारण प्रस्तावात 'नवीन सिमेंट रस्ता करणे' असे लिहिले की तो प्रस्ताव पहिल्याच टेबलावर बाजूला पडतो. 'तुटलेल्या भागात भराव व पाइप टाकून रस्ता वाहतुकीस खुला करणे' असे लिहिले की त्याला लेखाशीर्ष सापडते. काम तेच, पण भाषा निकषाची पाहिजे.

मुदतीचेही तसेच. आपल्यासारख्या सपाट भागात ही तातडीची कामे साधारण आपत्तीत ३० दिवसांत आणि तीव्र आपत्तीत ४५ दिवसांत करायची, असे त्या निकषांत होते. तीन महिन्यांनी सरपंच प्रस्ताव घेऊन गेले तर वरचा अधिकारी विचारणारच, तीन महिने लोक त्या रस्त्याने जातच होते ना, मग तातडी कसली? उत्तर देता येत नाही.

आणि विजेच्या खांबांसाठी ग्रामपंचायतीने प्रस्ताव घालू नये. स्वतःचे उत्पन्न असलेली खाती या निकषांतून वगळलेली होती, फक्त पुरवठा तातडीने सुरू करण्यापुरती विजेला सवलत होती. ते काम महावितरणचे. पंचायतीने कोणता खांब कुठे पडला याची यादी दिली म्हणजे पुरे. पथदिवे मात्र पंचायतीचे.

नमुना नंबर बावीस

यादी आणि दर समजले तरी घोडे दुसरीकडेच अडते. ग्रामपंचायतीच्या दप्तरात १ ते ३३ नमुने असतात. नमुना ८ सगळ्यांना माहीत, कारण त्यावर घराचा उतारा मिळतो आणि बँकेत तो लागतो. नमुना २२ म्हणजे स्थावर मालमत्तेची नोंदवही. नमुना २३ म्हणजे पंचायतीच्या ताब्यातील रस्त्यांची नोंदवही. नमुना २४ जमिनींची, नमुना ३३ झाडांची. सरपंच मंडळींनी हे वाचून झाल्यावर पंचायतीत जावे आणि नमुना २२ व २३ उघडून बघावेत. शेवटची नोंद कोणत्या सालची आहे एवढेच बघावे. बऱ्याच ठिकाणी ती बघून धक्का बसेल.

अंगणवाडी बांधून झाली, उद्घाटन झाले, कोनशिला बसली, पेढे वाटले. नोंद मात्र राहिली. मग ती अंगणवाडी वाऱ्याने पडली तर ती पंचायतीच्या मालकीची होती याला पुरावा काय? कोनशिलेवर आमदारांचे नाव असते, मालकाचे नसते. रस्त्याचे याहून अवघड. जिल्हा परिषदेकडचे ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग यांना क्रमांक असतात. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असतात. वाडीला जाणारा, वस्तीला जाणारा, रोज दुधाच्या किटल्या जाणारा रस्ता या कुठल्याच यादीत नसतो. तो वाहून गेला की शाखा अभियंता विचारतो, ग्रामीण मार्ग क्रमांक सांगा. क्रमांक नाही. मग अंदाजपत्रक कशाचे करू? त्याचेही चूक म्हणता येत नाही, त्याला लेखापरीक्षणाला उत्तर द्यायचे असते. गावाला वाटते साहेबाने फाइल अडवली. फाइल आधीच, दहा वर्षांपूर्वी, नमुना २३ कोरा राहिला तेव्हा अडलेली असते.

शिव रस्ते आणि पाणंद हा तर वेगळाच विषय. २०२१ मध्ये राज्याने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना रोजगार हमीच्या जोडीने आणली. पण तिथेही रस्ता नकाशावर असणे, अतिक्रमण निघालेले असणे, ही पहिली अट. ज्या बांधावरून भाऊबंदकी चालू आहे तिथे वादळ आले काय अन् पूर आला काय, पहिला पंचनामा भांडणाचाच होतो.

झाडांबद्दल थोडे. वादळानंतर रस्त्याकडेची बाभळ, निंब, वड आडवे होतात. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत फांद्या जातात, तिसऱ्या दिवशी खोडही जाते. नमुना ३३ मध्ये झाड असेल तर त्याचा लिलाव होऊन दोन पैसे पंचायतीत जमा होतात आणि त्यातून निदान पडलेल्या पत्र्यांवर ताडपत्री तरी येते.

कायद्याने काम कुणाचे?

'हे काम शासनाचे, पंचायत काय करणार?' असे म्हणणारे पुष्कळ. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे. त्याच्या ४१ व्या कलमात स्थानिक संस्थांची कामे सांगितली आहेत, आणि बाधित क्षेत्रात मदत, पुनर्वसन व पुनर्बांधणी करणे हे त्यात स्पष्ट आहे. त्याच कायद्याने जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांना आणि सहअध्यक्षपद स्थानिक संस्थेच्या निवडून आलेल्या प्रतिनिधीला, म्हणजे जिल्हा परिषद अध्यक्षांना दिले. २०२२ च्या मार्चमध्ये आपल्या जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि प्रशासक आले, तेव्हा गावाची बाजू मांडणारी ती खुर्ची रिकामी झाली. हे नुकसान कोणत्याही पंचनाम्यात आले नाही.

तेव्हा कामाचा रस्ता असा. नुकसान झाल्याबरोबर ग्रामपंचायतीने तहसीलदार आणि गटविकास अधिकारी या दोघांनाही लेखी कळवायचे, आणि दोघांची पोच घ्यायची. रस्ता व इमारतीसाठी जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागाचा शाखा अभियंता, नळयोजनेसाठी ग्रामीण पाणीपुरवठा उपविभागाचा, यांना जागेवर आणायचे. संयुक्त पंचनाम्यावर दोन्ही भाऊसाहेबांच्या सह्या पाहिजेत. सरकारी पाटीवर आता ग्रामसेवक 'ग्रामपंचायत अधिकारी' झाले आहेत आणि तलाठी 'ग्राम महसूल अधिकारी'. गाव अजून भाऊसाहेबच म्हणते, सही त्यांचीच लागते. हा पैसा थेट पंचायतीच्या खात्यावर येईलच असे नाही. मालमत्ता ज्या यंत्रणेच्या ताब्यात, तिच्याकडे तो जातो. म्हणून मागणी कुणाच्या नावाने गेली याची नक्कल जवळ ठेवावी, नाहीतर शाळेचा पैसा आला की नाही हे गावाला कधी कळतच नाही.

डागडुजीच्या पुढे

तात्पुरती दुरुस्ती झाली, पुढे काय? पुन्हा उभारणीसाठी वेगळा हिस्सा असावा हे आपल्याकडे उशिरा सुचले. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीची वाटणी ठरवून दिली. त्यात २० टक्के आपत्ती येण्याआधीच्या सौम्यीकरणाला, ४० टक्के मदतीला, १० टक्के तयारीला आणि ३० टक्के पुनर्प्राप्ती व पुनर्बांधणीला. हा ३० टक्क्यांचा हिस्सा म्हणजे गावांच्या दृष्टीने मोठी गोष्ट. आमच्या मते सरपंच परिषदांच्या ठरावांत त्याचा उल्लेख जितका यायला हवा होता तितका आला नाही.

त्याच आयोगाचा ग्रामपंचायतींना थेट मिळणारा निधी होता. २०२१-२२ पासून त्यातला ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठी, आणि ४० टक्के अबंधित. नळयोजनेची मोटार गेली तर बंधित निधीतून दुरुस्ती करता येत होती. काम आराखड्यात मात्र असायला हवे. वादळ काही आराखडा करताना विचारून येत नाही, म्हणून ग्रामसभेत पुरवणी आराखडा मंजूर करून घ्यायचा. ज्या गावांनी हे आठ दिवसांत केले त्यांचे पाणी लवकर सुरू होते. ज्यांची ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब होत राहते तिथे बायका हंडे घेऊन विहिरीवर जातात.

रस्त्यांसाठी जिल्हा परिषदेचे ३०५४ आणि ५०५४ हे लेखाशीर्ष, पूरहानी दुरुस्ती, जिल्हा नियोजन समिती असे दरवाजे आहेत. एक दरवाजा मात्र आपल्या पंचायती विसरल्याच आहेत. ग्रामपंचायत अधिनियमाच्या १३३ व्या कलमाने जिल्हा ग्रामविकास निधी असतो. प्रत्येक पंचायतीने आपल्या उत्पन्नाच्या पाव टक्का वर्गणी त्यात भरायची आणि गरजेला त्यातून कर्ज घ्यायचे. वर्गणी थकवलेल्या पंचायतीला कर्ज कोण देणार? भरलेली असेल तर मागायला लाजू नये. एकच काम दोन लेखाशीर्षांतून दाखवायचा मोह मात्र टाळावा. ते प्रकरण पुढे वसुलीपर्यंत जाते आणि तेव्हा जुने सरपंचही सापडतात.

वरचा पैसा किती सावकाश येतो त्याचाही हिशेब असावा. 'निसर्ग' आले ३ जूनला. राष्ट्रीय निधीतून महाराष्ट्राला २६८ कोटी ५९ लाख रुपयांची मंजुरी मिळाली १३ नोव्हेंबर २०२० ला. पाच महिने दहा दिवस. त्या अवधीत पावसाळा संपून गेला होता. राज्याने सुरुवातीला रायगडला १००, रत्नागिरीला ७५ आणि सिंधुदुर्गला २५ कोटी जाहीर केले ते वेगळे. वादळाचे केंद्र कोकणात, म्हणून पहिला पैसा कोकणात, यात गैर काही नाही. पण शेपटाचा फटका बसलेल्या अकोल्यासारख्या तालुक्याने स्वतःचा कागद स्वतःच वेळेवर पोहोचवायचा असतो.

तिकडेही कागदच विचारतात

कुणी म्हणेल, ही आपल्याकडचीच रड. तसे नाही. अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये 'हेलीन' नावाचे चक्रीवादळ आले. समुद्रापासून कितीतरी आत, डोंगरातल्या ॲशव्हिल शहराची पाणीयोजना त्याने उद्ध्वस्त केली. नळाला पुन्हा पिण्याजोगे पाणी यायला ५३ दिवस लागले. त्या देशात वादळानंतर स्थानिक संस्थांना केंद्र सरकार किमान ७५ टक्के खर्च देते. पण नुकसानीची यादी ठरावीक बैठकीपासून ६० दिवसांत द्यावी लागते. मोठ्या कामाला आधी खर्च करा, मग बिले दाखवा असा प्रकार. आणि पहिला प्रश्न काय, तर वादळाआधी हा रस्ता कसा होता, त्याची देखभाल केल्याची नोंद दाखवा. खड्ड्याने भरलेला रस्ता वादळाच्या नावाने नवा करून घ्यायचा, ही युक्ती तिकडेही चालत नाही. आपला नमुना २३ आणि त्यांची देखभाल वही, जात एकच.

निंबोडीचे छत

हे सगळे कागदी खटाटोप वाटत असतील तर निंबोडी आठवावी. नगर तालुक्यातल्या या गावी २०१७ च्या ऑगस्टअखेरीस पावसात जिल्हा परिषद शाळेचे छत कोसळले आणि तीन मुले गेली. त्यानंतर जिल्हाभर धोकादायक वर्गखोल्यांची मोजणी झाली. त्या मोजणीला आधी तीन जीव जावे लागले.

वादळात पत्रा उडाला तर दिसतो. वाऱ्याने सैल झालेली तुळई, पावसाने फुगलेली भिंत दिसत नाही. म्हणून वादळानंतर फक्त पडलेल्याचा पंचनामा करून भागत नाही, उभे असलेलेही अभियंत्याला दाखवावे लागते. धोकादायक खोलीचा निर्लेखन प्रस्ताव गेला नसेल तर ती पाडता येत नाही, आणि पाडली नाही तर नव्या खोलीची मागणी पुढे सरकत नाही. मधल्या काळात मुले तिथेच बसतात. मुख्याध्यापक पत्र देतात, पंचायत ठराव देते, पत्र कुठेतरी आवक-जावक वहीत पडून राहते. शाळा व्यवस्थापन समितीच्या पालकांनी तो आवक क्रमांक विचारत राहिले पाहिजे. शेताच्या अनुदानासाठी आपण तहसीलला चार खेपा घालतोच ना? शाळेसाठी एक घाला.

पुन्हा पाणी आलेच

'निसर्ग' एकदाच आले, पुन्हा कशाला येतंय, असे म्हणायची सोय राहिलेली नाही. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस शेवगाव-पाथर्डीत नंदिनी नदीला पूर आला आणि नदीकाठची गावे पाण्यात गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत या एरवी टँकरच्या यादीत असणाऱ्या तालुक्यांत अतिवृष्टीने शेते खरडली, रस्ते तुटले. ७ ऑक्टोबर २०२५ ला राज्याने ३१ हजार ६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. खरडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख, रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाखांपर्यंत, खचलेल्या विहिरीला ३० हजार, हे आकडे पारावर पाठ झाले. त्याच पॅकेजमध्ये रस्ते, पूल अशा पायाभूत सुविधांसाठी १० हजार कोटी धरले होते. तो आकडा पारावर ऐकू आला नाही. त्यातले आपल्या गावाच्या वाट्याला काय आले, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक खातेदाराला आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.

हिवरे बाजारला ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती पडला, पाणी किती आहे, कोणते पीक घ्यायचे, हे गावासमोर ठरते. तसाच मालमत्तेचा ताळेबंद १ मेच्या ग्रामसभेत मांडता येईल, कारण वळवाचा वारा आणि जूनची वादळे त्याच्या पुढेच असतात. नमुना २२ आणि २३ मोठ्याने वाचायचे. आपली अंगणवाडी त्यात आहे का, वस्तीचा रस्ता आहे का, हे लोकच सांगतील. नसेल ते ठराव करून कागदपत्रांसह नोंदवून घ्यायचे, आणि क्रमांक नसलेल्या रस्त्याचा प्रस्ताव बांधकाम विभागाकडे पाठवायचा.

त्याच आठवड्यात गावातल्या एखाद्या पोराला मोबाइल घेऊन फिरवावे. शाळेची प्रत्येक खोली आतून-बाहेरून, नळयोजनेची विहीर, टाकी, मोरी, स्मशानभूमीचे शेड, रस्त्याचा प्रत्येक वळणावरचा भाग, यांचे तारखेसह फोटो काढावेत. फोटोत शाळेच्या नावाची पाटी यावी, आणि मोरीजवळ कुणीतरी टेप धरून उभे राहावे, म्हणजे लांबी-रुंदी कळते. एक प्रत पंचायतीत, एक मुख्याध्यापकांकडे आणि एक गावाबाहेर राहणाऱ्या कुणाच्या तरी मोबाइलमध्ये असावी. पंचायतीचे छप्पर उडाले तर दप्तरही भिजते.